टेली-मानसवरील त्या समुपदेशक ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर पुन्हा फोन केला तरी आपलाच आवाज ऐकू येईल याची खात्री नाही, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे. भाचीची संमती घेऊनच लिहिते आहे.

'नीट'च्या तयारीसाठी ती लातूरला आमच्याकडे राहते. गेल्या हिवाळ्यात टेस्टच्या आदल्या रात्री तिचे पोट दुखू लागे, सकाळी उलट्या होत आणि पेपर हाती आला की बोटांना मुंग्या येत. सोनोग्राफी व रक्ताच्या तपासण्यांत काहीच न निघाल्यामुळे नातेवाइकांत 'नाटक' हा शब्द कुजबुजला जाऊ लागला होता. तपासण्यांत काही न सापडणे म्हणजे दुखणे खोटे असणे नव्हे, हे आपण तिला सर्वांत आधी सांगितले. भीतीने श्वास जलद होतो, त्यातून बोटे बधिर होतात, आणि श्वास सावकाश, लांबवर सोडला की तो वेग उतरतो, हे तिला समजले तेव्हा निदान आपल्याला काहीतरी असाध्य झाले आहे हा तिचा धसका गेला.

परंतु माझे खरे ऋण आहे ते आपण विचारलेल्या एका प्रश्नाचे. 'जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का?' असे आपण तिला सरळ विचारलेत. आमच्याकडे हे शब्द उच्चारायचीही भीती, कारण विचारल्याने नसलेला विचार मनात शिरेल असा सगळ्यांचा समज; तसे होत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे आपण मला नंतर समजावले. ती 'कधी कधी' म्हणाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होत्या. हे आकडे वर्तमानपत्रात वाचणे आणि स्वयंपाकघरात उभे राहून ते 'कधी कधी' ऐकणे यांत फार अंतर आहे. तिला एकटे ठेवू नये, घरातील औषधे कुलपात ठेवावीत आणि सरकारी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवावे, असे आपण क्रमाने सांगितलेत व त्याप्रमाणे सर्व झाले.

तिच्या वडिलांशीही आपण बोललात. टेस्ट संपताच गावाहून 'किती पडले?' असा फोन येतो, तो थांबवा, एवढेच आपले म्हणणे होते. भावोजी कुरकुरले, पण त्यांनी ऐकले. ७२० पैकी किती, याखेरीज बोलायला विषयच उरला नव्हता, हे मात्र त्यांच्या नंतर ध्यानात आले असावे. 'टेन्शन घेऊ नकोस' हे निरुपयोगी वाक्य आपण एकदाही उच्चारले नाही, याचीही मी नोंद घेतली.

मे महिन्यात तिने पेपर पूर्ण दिला. गुण कमी आले. उपचार सुरू आहेत, झोप लागते. पुढे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी, कोचिंग क्लासही त्यात आले, पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. तिच्या क्लासमध्ये तो येईपर्यंत आपला क्रमांक मेसच्या भिंतीवर, डब्यांच्या वेळापत्रकाशेजारी, मी लावून घेतला आहे.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची मावशी, लातूर