हॅमेलिन पूलचे जिवंत दगड

पर्थ, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

शार्क बे हा उपसागर बघून आलो. इथून उत्तरेला साधारण ८०० किलोमीटर, वाटेत लाल माती आणि झुडपं. हॅमेलिन पूल या तिथल्या उथळ खाडीवर ओहोटी साधून पोचलो. तिथली लाकडी पायवाट २०२१ च्या सेरोजा चक्रीवादळात मोडली, म्हणून किनाऱ्यावरूनच पाहिलं.

आई, तू म्हणाली असतीस, "एवढं पेट्रोल जाळून दगड बघायला आलात?" दिसतात ते दगडच! काळपट, खडबडीत, उथळ पाण्यात लांबवर पसरलेले. पण बाबा, ते वाढतात. स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात त्यांना. वरच्या चिकट थरात सायनोबॅक्टेरिया नावाचे सूक्ष्म जिवाणू असतात. पाण्यातले बारीक कण त्यात अडकले, की हे जिवाणू उजेडासाठी पुन्हा वर सरकतात आणि खालचा थर घट्ट होतो. वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा वाढ नाही. पूर्वी लोकर बोटीवर चढवायला याच थरांवरून गाड्या हाकत. त्या चाकोऱ्या अजून बुजलेल्या नाहीत!

इथले दगड फार तर दोन-तीन हजार वर्षांचे. पण याच राज्यात, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागात, अशाच थरांचे सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म आहेत. हवेत प्राणवायू भरला तो या जिवाणूंच्या पूर्वजांनी.

मग आता ते इतके दुर्मीळ का? गोगलगायींसारखे प्राणी तो थर खरवडून खातात. हॅमेलिन पूलचं पाणी मात्र समुद्राच्या दुप्पट खारट, तिथे त्यांचा निभाव लागत नाही. वाळूचा उंचवटा आणि त्यावरचं सागरी गवत भरतीचं पाणी अडवतं, ऊन रणरणतं, पाऊस नावाला. झालं मिठागर.

मला खरं नवल वाटलं ते गवताचं. याच उपसागरात पोसिडोनिया गवताचं एकच रोप १८० किलोमीटर पसरलंय, असं २०२२ मध्ये जनुकं तपासल्यावर कळलं. वय साधारण ४,५०० वर्षं. सगळा विस्तार मूळखोडानं, बियांनी नाही. २०११ मध्ये समुद्र तापला तेव्हा इथलं पुष्कळ गवत मेलं. गवतावर चरणारे हजारो ड्युगाँग, म्हणजे समुद्री गाई, इथे आहेत. पर्यटक दगडांचे फोटो काढतात, आम्हीही काढले. पण जपायला हवं ते आधी गवत, असं माझं मत झालंय.

फोटो रात्री पाठवते. बाबा, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. "बरं आहे" एवढंच नको.

तुमची,
मनू