जोधपूरच्या काकूंना, वाळपईहून

काकू, सा. न. वि. वि.

हे पत्र असं चारचौघांत लिहायची पाळी तुम्हीच आणलीत. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "गप गं, डोकं नगं खाऊ" म्हणता आणि फोन काकांच्या हातात देता. काका विचारतात, "पाऊस काय म्हणतोय तिकडं?" मग मी वाळपईचा पाऊस सांगत बसते आणि मूळ गोष्ट राहून जाते. इथे मला मध्येच तोडणारं कुणी नाही. सूनबाईंना वाचून दाखवायला सांगा, आणि त्या वाचत असताना भांडी घासायला उठू नका.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. भूगर्भशास्त्र शिकायला जोधपूरला गेले, तेव्हा गावात निम्म्या लोकांनी "मगे तिथे दगड वेगळे असतात?" असं विचारलं होतं. असतात. आमच्याकडे जांभा, ज्याला आम्ही चिरा म्हणतो. पावसात मऊ, उन्हात कडक. तिथे मेहरानगड किल्ला ज्या खडकावर उभा आहे तो ज्वालामुखीचा, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्यावर वालुकाश्म येऊन बसलेला. किल्ल्याच्या पायथ्याशी हे दोन खडक एकमेकांना भेटतात, ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. पर्यटक तिथे पाठ करून सेल्फी काढतात.

काकू आटपाडीकडच्या. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले देशभरातल्या सराफ बाजारांत पोचलेत, हे मला गोव्यात राहून ठाऊक नव्हतं. जुनं सोनं-चांदी आटवून, शुद्ध करून, लगड पाडून द्यायची हा त्यांचा धंदा. दुष्काळी मुलुख, शेतीवर भागेना, म्हणून माणसं बाहेर पडली आणि भट्टी घेऊन जिथे सराफा तिथे जाऊन बसली. मी खोली शोधत जोधपूरच्या सराफ्यातून चालले होते. आधीच्या घरमालकाला नळाचा कॉक स्वतःच्या मर्जीने फिरवायची सवय होती, त्यामुळे तिथून निघायचं ठरलं होतं. एवढ्यात एका अरुंद दुकानातून आवाज आला: "आरं, डाळिंबाला पाणी सोडलंस का न्हाई?" फोन गावाकडे चालला होता. मी दारातच उभी राहिले. काकूंनी फोन कानावरून न काढता मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "कुठली गं तू?"

गोव्याची म्हटल्यावर तुमचा पहिला प्रश्न होता, "मग मराठी कशी येती?" मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं की आमच्याकडे देवळात आरत्या मराठीत, जत्रेत नाटक मराठी, आजीची पोथी मराठी. तुम्ही म्हणालात, "बरं बरं, चिडू नगंस. चा घे." वरची खोली रिकामी होती. भाडं तुम्ही सांगितलंत ते काकांना कमी वाटलं, हे मला जिन्यातून ऐकू आलं होतं, काकू. आज सांगते.

आता मुद्द्यावर येते. लोक परगावी सांभाळणाऱ्यांचे आभार मानतात ते जेवूखाऊ घातल्याबद्दल. तेही तुम्ही केलंत. पण मला आभार मानायचेत ते तुम्ही मला कोरड्यात राहायला शिकवलंत त्याचे. गोव्याची सरासरी वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास, जोधपूरची ४०० च्याही आत. मी आयुष्यभर पाणी अंगावरून झटकत आले होते. ते मोजायचं असतं हे ठाऊक नव्हतं. तुम्ही एकदाही भाषण दिलं नाहीत. पहिल्याच सकाळी एक बादली दारात ठेवलीत आणि म्हणालात, "ह्यात अंघोळ, आन् ह्यातलंच कपड्याला." मग मी बघत गेले: तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं फरशीला, फरशीचं उरलेलं गल्लीतल्या कडुनिंबाला. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड यायचा. त्या दिवशी तुमच्या घरात सणासारखी गडबड असायची आणि कॉलेजला पहिला तास असला तरी मला हंडे लावायला थांबावंच लागायचं.

पहिल्या उन्हाळ्यात मी पडले तेव्हाचं तर विसरता येणार नाही. गोव्यात उकाड्याने माणूस निथळतो, म्हणून घाम गेला ते कळतं. तिथे हवा इतकी कोरडी की घाम आला कधी आणि उडाला कधी पत्ताच लागत नाही. अंग कोरडंच राहतं, पाणी मात्र जात असतं. तेव्हा त्याच जिल्ह्यात असलेल्या फलोदीला २०१६ च्या मे महिन्यात पारा ५१ अंशांवर गेला होता, हे मी वर्गात शिकले होते. शिकून काय उपयोग! फील्डवर्कहून आले आणि जिन्यातच डोळ्यांपुढे अंधारी आली. तुम्ही मला खालच्या अंधाऱ्या खोलीत निजवलंत, ओला पंचा पोटावर टाकलात, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलंत. शुद्धीवर आल्यावर शिव्या दिल्यात. "तहान लागल्यावर पिऊन काय उपेग? तहान लागायच्या आदी प्यायचं आस्तंय!" दुसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं तर बोटाने तूप लावलंत. त्या आठवड्यात मला राब खायला घातलीत, बाजरीच्या पिठाची, ताकातली. तुमच्याकडे तिला आंबील म्हणतात आणि ती नाचणीची असली तर आमच्याकडेही. ते तुमचं वाक्य मी आता इथे डोंगर चढायला येणाऱ्या पोरांना ऐकवते, तुमच्याच आवाजात.

कूलर हा प्रकारही मला नवा होता. गोव्याच्या दमट हवेत तो निव्वळ खडखडतो. तिथे दुपारी चारला त्यात पाणी भरलं की वाळ्याच्या गवताचा वास खोलीभर पसरायचा आणि अंगावर चादर घ्यावीशी वाटायची. आंधी येणार असली की आभाळ आधी पिवळं व्हायचं. तुम्ही मला हाक मारायच्या आधी गच्चीवरच्या माझ्या पुस्तकांना हाक मारायचात: "ती बुकं आत घे!" मग दाराच्या फटीत ओली फडकी. एवढं करूनही रात्री वरणात रेती लागायचीच, आणि काका म्हणायचे, "जोधपूरचं मीठ."

जेवणाबद्दल एवढंच: केर-सांगरीच्या, म्हणजे वाळवंटातली केराची फळं आणि खेजडीच्या शेंगा यांच्या, भाजीत शेंगदाण्याचं कूट घालणारं ते राजस्थानातलं एकमेव घर असावं. केर ताकात भिजत घालून त्याचा कडवटपणा काढायचा हे तुम्ही शेजारच्या माजीसांकडून शिकलात आणि कूट घालायचं स्वतःच ठरवलंत. माजीसांनी एकदा ती भाजी चाखून जे तोंड केलं होतं ते अजून आठवतं. मी घरून आणलेला सुक्या सुंगटांचा (कोळंबीचा) डबा मात्र तुम्ही दोन पिशव्यांत गुंडाळून, वर दोरी बांधून, कपाटाच्या वर ठेवलात. शाकाहारी गल्ली. तो डबा तिथे न उघडताच परत गोव्याला आला. एवढा प्रवास कुठल्या सुंगटाने केला नसेल.

एकदा उमेद भवन राजवाडा बघायला नेलं होतं तुम्हाला. खरं तर तुम्हीच मला नेलं म्हणायचं, कारण तिकिटाच्या रांगेत भांडण तुम्ही केलंत. आत मी पाठ केलेलं घडाघडा सांगत होते: १९२९ ला काम सुरू, १९४३ ला पूर्ण, वालुकाश्माचे ठोकळे चुना-सिमेंटशिवाय एकमेकांत बसवलेले, आणि सगळं बांधकाम दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून काढलेलं. तुम्ही थांबलात. भिंतीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "म्हंजी ही बी दुष्काळी कामच." मग बाहेर बाकावर बसून ७२ च्या दुष्काळाचं सांगितलंत. तुमची आई खडी फोडायला जायची, तुम्हाला झाडाला बांधलेल्या झोळीशेजारी बसवून धाकट्याला झोका द्यायला लावायची. तुमची आई रस्ता करत होती, इथले लोक राजवाडा. भूगर्भशास्त्राच्या कुठल्या सरांनी मला दगडाकडे असं बघायला शिकवलं नव्हतं.

आणि घुमट, आमचं आरतीचं वाद्य. ते मी दुसऱ्या वर्षी चवथ (गणेश चतुर्थी) करून परतताना गोधडीत गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन आणलं. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंना उघडं, एका तोंडावर कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता कायद्याने बंदी आहे, म्हणून बकऱ्याचं. आमच्याकडे पावसाळ्यात दमट हवेने कातडं सैल पडतं. आरतीच्या आधी विस्तवावर धरून शेकावं लागतं, नाहीतर आवाज बसका येतो. जोधपुरात ते एकदाही शेकावं लागलं नाही. उलट इतकं ताणलं जायचं की वाजवलं की घण घातल्यासारखं कडकडायचं, आणि तडकेल या भीतीने मी रात्री त्याच्यावर ओलसर फडकं टाकायचे. तुमच्या गलाईवाल्यांच्या गणपतीत मी ते वाजवलं. तुमची माणसं 'सुखकर्ता' जेमतेम दोन मिनिटांत संपवतात. आमची घुमट आरती एकदा सुरू झाली की तासाला ऐकत नाही. शेवटी काका म्हणाले, "पोरी, परसाद गार झाला." तरी पुढच्या वर्षी आठवणीने विचारलंत, "ते मडकं आणलंस का?"

मला खरं तिथलं वादन ऐकायचं होतं. शरद पौर्णिमेच्या सुमाराला मेहरानगडावर लोकसंगीताचा महोत्सव भरतो, २००७ पासून, आणि त्यातल्या काही मैफली पहाटे जसवंत थड्यावर, गडाजवळच्या संगमरवरी समाधीवर, होतात. कॉलेजमधून पास मिळाले, पण चारच्या अंधारात एकटी कशी जाणार? सोबत यायला एकही मैत्रीण उठायला तयार नव्हती. घरी परवानगी विचारली असती तर आईने फोनवरच रडायला सुरुवात केली असती. तुम्ही काही न बोलता साडेतीनला अंगावर शाल घेऊन जिन्याखाली उभ्या होतात. काकांची बॅटरी, पदरात बांधलेले फुटाणे. चढावर तुम्हाला धाप लागत होती आणि तरी "तुला बघायचंय न्हवं? मग चल की" असं मलाच ढकलत होतात.

वर पोचल्यावर मैफल सुरू झाली, आणि पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही संगमरवराला टेकून गाढ झोपलात. मांगणियार, म्हणजे तिथल्या लोकगायकांच्या समाजातले, कलाकार कमायचा वाजवत होते: आंब्याच्या लाकडाचा वाटोळा पोटाचा, त्यावर बकऱ्याचं कातडं, गजाने वाजवायचा. मागे पांढरा दगड आधी निळा, मग गुलाबी होत गेला. बाजूला तुमचं घोरणं अगदी तालात. हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. मैफल संपली तशी तुम्ही ताज्यातवान्या उठलात. मी लाजून मागे राहिले, तर तुम्ही थेट त्या म्हाताऱ्या कमायचावाल्याजवळ गेलात आणि तुमच्या त्या सांगली-मारवाडीत विचारलंत, की ही पोरगी मडकं वाजवते, तिला विचारायचंय, पावसात तुम्ही कातड्याचं काय करता? तो हसून म्हणाला, पाऊस इथे येतो कुठे, पण मुंबईला गेलो की वाद्य उन्हात बसवतो आणि मग वाजवतो. एवढंच बोलणं झालं. मला तेवढंच हवं होतं.

त्यानंतर मी किती जणांना ऐकलं, कुठे कुठे गेले, ते सांगत नाही. माझं शहरात फिरणं त्या पहाटेपासून सुटं झालं, कारण "काकू बरोबर आहेत" हे गोव्यात आईला सांगता यायचं; कधी तुम्ही खरोखर असायचात, कधी नुसत्या नावाला. नावाला असायचात तेव्हाही फोन आला तर "हाय हितंच, जेवतीया" म्हणायचात. आई हे वाचणार आहे. वाचू दे.

आता तुमच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर: होय, नोकरी ठीक आहे. होय, कपडे जुलैत आठवडाभर वाळत नाहीत आणि त्यांना वास येतो, तुम्ही ज्याला हसलात तोच. नाही, अजून लग्नाचं काही नाही.

चवथीला या, दोघंही. माटोळी बघायला मिळेल: देवावर टांगलेली रानातली फळं, सुपाऱ्या, कंगलां, सगळं ओलंकच्च हिरवं. पावसाची भीती काकांना आहे, तुम्हाला नाही, हे मला माहीत आहे. अजमेरहून मरुसागर एक्स्प्रेस धरा, पण ती आठवड्यातून एकदाच असते, तेव्हा तिकीट आधी काढा. मडगावला उतरा, बाबा गाडी घेऊन येतील. येताना सांगरी आणा, केर नको. आईला तो ताकात कितीही भिजवला तरी कडूच लागतो. आणि कूट मी इथे करून ठेवते.

तुमची,
वरच्या खोलीतली