सोलापूरला बास्केटबॉलचे कोर्ट देताना शिकवणारा माणूसही द्या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

क्रीडा सुविधांसाठी निधी मागताना जिल्ह्यातून बहुतेक वेळा मैदान, हॉल आणि दिवे मागितले जातात. आम्ही सोलापुरातले बास्केटबॉल प्रशिक्षक आणि पंच आधी एक माणूस मागत आहोत. रेल्वे, पोलीस, सेनादल किंवा राज्याच्या संघातून खेळून थांबलेला खेळाडू सोलापुरात पूर्णवेळ, नियमित वेतनावर प्रशिक्षक म्हणून नेमावा आणि नवे कोर्ट त्याच्या देखरेखीखाली बांधावे. मुलींसाठी अशीच एक महिला प्रशिक्षक असावी.

या खेळातली कारकीर्द किती तोकडी असते ते आधी पाहावे. मूल दहा-अकराव्या वर्षी चेंडू हातात घेते. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट आणि मग विद्यापीठ, एवढ्यात शिकायची सगळी वर्षे संपतात. विशीच्या आसपास नोकरी लागली तर खेळ टिकतो, नाही तर तिथेच थांबतो. वर्षभर पगार देणारी भक्कम व्यावसायिक लीग आपल्याकडे रुजलेली नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए (युनायटेड बास्केटबॉल अलायन्स) ही लीग २०१७ नंतर झाली नाही. त्यामुळे रेल्वे, सेनादल, ओएनजीसी किंवा इंडियन ओव्हरसीज बँकेच्या संघातली नोकरी हाच आपल्या खेळाडूचा खरा व्यवसाय. पस्तिशीच्या आत गुडघे बोलू लागतात आणि पुढची पंचवीस वर्षे तो टेबलावर फायली हलवतो. त्याला जे येते ते फाइलमध्ये मावत नाही.

जिथे जाणता माणूस मैदानावर रोज उभा राहिला तिथे काय झाले, याचा दाखला लुधियानाचा आहे. गुरु नानक स्टेडियममधल्या अकादमीत डॉ. एस. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली सतनामसिंग भामरा, अमज्योतसिंग, अमृतपालसिंग, पालप्रीतसिंग ब्रार घडले. सतनाम पंजाबातल्या बल्लोके गावचा. तिथून तो फ्लोरिडातल्या अकादमीत गेला आणि २०१५ मध्ये डलास मॅव्हरिक्सने त्याला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, ५२ व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नागपाड्यात जागा अपुरी होती, पण खेळून थांबलेली मंडळी मुलांमध्ये उभी राहत होती.

सतनामच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. एनबीएच्या नियमित हंगामात त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. पुढे २०१९ मधल्या तपासणीत हायजेनामीन हे बंदी असलेले द्रव्य आढळले, दोन वर्षांची बंदी आली, आणि नंतर तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. हायजेनामीन काही वनस्पतींत असते आणि ‘चरबी कमी करणाऱ्या’, ‘ताकद वाढवणाऱ्या’ पावडरींत सापडते, कधी डब्यावर त्याचे नाव नसतानाही. आपल्या गल्लोगल्लीच्या जिममध्ये सतरा वर्षांच्या पोरांना असे डबे सहज मिळतात. पोटात काय गेले याची जबाबदारी नियमाप्रमाणे खेळाडूचीच असते, हे त्यांना कोणी तरी वेळेत सांगायला हवे.

जाणता माणूस कशासाठी, याचे एकच उदाहरण देतो. स्पर्धेच्या रिंगची उंची ३.०५ मीटर. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला त्याच रिंगवर सात नंबरचा, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपासचा चेंडू दिला, की तो पोहोचवायला ते कमरेपासून हात फिरवते. कोपर बाहेर जाते, दोन्ही हातांनी ढकलले जाते, उडी पुढे जाते. चेंडू कधी तरी आत पडतो, टाळ्या वाजतात आणि सवय पक्की होते. पंधराव्या वर्षी समोर बचाव करणारा हात आला की तोच शॉट दर वेळी अडतो, आणि तोवर मोडायला उशीर झालेला असतो. बारा वर्षांखालील मुलांना रिंग २.६० मीटरवर आणि चेंडू पाच नंबरचा हवा. पुढे मुलींना सहा नंबर, मोठ्या मुलांना सात. पहिले काही महिने रिंगपासून दोन-तीन मीटरवरूनच शॉट, एका हाताने, कोपर चेंडूखाली. हे पुस्तकात वाचून कळते, पण चाळीस मुलांत कोणाचे कोपर सुटते आहे हे खेळलेल्या माणसाला लांबूनच दिसते. उडीनंतर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला शिकवणे हेही त्याचेच काम. गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याच्या कित्येक घटना कोणाचा धक्का न लागता, चुकीच्या उतरण्याने होतात. मुरगळलेला घोटा तीन दिवसांत पट्टी बांधून पुन्हा खेळवला की तो वर्षभर मुरगळत राहतो.

आता कोर्ट. मोजलेले कोर्ट २८ बाय १५ मीटर, चारही बाजूंनी दोन-दोन मीटर मोकळी जागा धरून ३२ बाय १९, म्हणजे ६०८ चौरस मीटर. सोलापुरात मोठी अडचण जमिनीची. काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि तिच्यावर थेट काँक्रीट ओतले की दोन पावसाळ्यांत तडे जातात. माती काढून मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा आणि जमल्यास एक पावसाळा बसू द्यावा. वर १५ सेंटिमीटरचा स्लॅब धरला तर सुमारे ९१ घनमीटर काँक्रीट लागते. साधारण साडेचार-पाच मीटरवर सांधे, म्हणजे तडे आवरणाऱ्या खाचा, दुसऱ्या दिवसाच्या आत कापावेत, पण रिंगखाली, जिथे उड्या उतरतात तिथे, सांधा नको. ढाळ शेकडा एक, तोही एका साइडलाइनकडून (लांबीच्या कडेची रेषा) दुसरीकडे. लांबीच्या दिशेने ढाळ दिला की एक रिंग दुसऱ्यापेक्षा खाली जाते आणि एक संघ चढावर खेळतो.

खरा घात मार्चमध्ये होतो. निधी परत जाऊ नये म्हणून काँक्रीट मार्च-एप्रिलच्या उन्हात ओतले जाते, आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे स्लॅबवर किमान चौदा दिवस पाणी कोण मारणार? वरची पूड सुटते, तिच्यावर अॅक्रिलिक रंग धरत नाही, पापुद्रे निघतात आणि पोरे घसरतात. रंग २८ दिवसांनंतरच, तोही सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. म्हणून काम दिवाळीनंतर सुरू होईल अशी निविदा काढावी आणि टँकरचे पाणी अंदाजपत्रकात वेगळे दाखवावे.

खांब हा दुसरा घोळ. तो एंडलाइनच्या (रिंगमागची रुंदीची रेषा) बाहेर किमान दोन मीटर आणि रिंगचा बोर्ड कोर्टाच्या आत १.२० मीटर असायला हवा, म्हणजे मधली भुजा तीन मीटरच्या वर येते. लोखंड वाचवण्यासाठी ती आखूड केली की खांब एंडलाइनशी येतो आणि ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून शॉट, मारून वेगात पुढे जाणारे मूल थेट त्यावर आदळते. खांबाला २.१५ मीटरपर्यंत जाड गादी बांधावी. रिंग बोर्डाला थेट वेल्ड न करता दाबल्यावर खाली जाणारी, स्प्रिंगची बसवावी. वेल्ड केलेल्या रिंगला मुले लोंबकळली की ती वाकते आणि मग कोणाचाच शॉट बसत नाही. जुन्या कोर्टवर नवा थर टाकला की रिंगची उंची तेवढीच कमी होते. हे कंत्राटदार मोजत नाही, खेळाडू मोजतो.

दिवे साइडलाइनच्या बाजूने लावावेत. रिंगमागे लावले तर शॉट मारताना डोळे दिपतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सराव सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळल्यावरच शक्य आहे, आणि सुट्टीतली शिबिरे नेमकी तेव्हाच असतात. दिवे बसवतात, वीजबिलाची तरतूद मात्र विसरतात, मग सहा महिन्यांत कुलूप. मुलींसाठी कपडे बदलायची बंद खोली आणि स्वच्छतागृह ही पहिल्याच टप्प्यातली कामे आहेत. त्यांच्याअभावी मुली आठवी-नववीत खेळ सोडतात.

आता नेमणुकीबद्दल. अकरा महिन्यांचा करार आणि मानधन यांवर रेल्वेत खेळलेला माणूस येत नाही, आलाच तर टिकत नाही. एक मूल घडवायला सहा-सात वर्षे लागतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असलेल्याला थेट पद द्यावे. जो राष्ट्रीय स्तरावर खेळला आहे पण पदविका नाही, त्याला नेमून दोन वर्षांत ती पूर्ण करायची अट घालावी आणि त्या काळातला पगार चालू ठेवावा. जे रेल्वेत किंवा पोलिसांत अजून नोकरीत आहेत, त्यांना प्रतिनियुक्तीवर मागून घेता येईल. मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय सोलापुरातच आहे, एक पत्र आणि एक बैठक पुरे. पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी लागणारी प्रमाणपत्रांची पडताळणी मुलांकडून वेळेत करून घेणे हेही याच पदाच्या कामांत लिहावे. निकालपत्रिका हरवली म्हणून नोकरी हुकते, आणि तिथेच विशीतली कारकीर्द संपते.

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोल्याची उंच मुले शहरात रोज येऊ शकणार नाहीत. प्रशिक्षकाने आठवड्यातून दोन दिवस तालुक्याला जावे आणि त्याचा प्रवासभत्ता आदेशातच नमूद असावा.

पुढच्या अंदाजपत्रकात सोलापूरसाठी बास्केटबॉलची तरतूद होईल तेव्हा नेमणुकीचा आदेश निविदेच्या आधी निघावा, आणि अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी रिंगची उंची, खांबाचे अंतर आणि ढाळ यांवर त्या प्रशिक्षकाची सही घ्यावी, एवढी दुरुस्ती शासन निर्णयात करावी अशी विनंती आहे. मोजमापांचा तपशीलवार आराखडा आम्ही विनामूल्य करून देऊ.

आपले,
बास्केटबॉल प्रशिक्षक व पंच,
सोलापूर