नाथांच्या मातीत हा सिनेमा दाखवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पर्यावरणावरचे हसतेखेळते चित्रपट मराठवाड्यातल्या तालुक्यांपर्यंत पोहोचावेत आणि तसे चित्रपट इथे घडावेत, याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी लातूरच्या एका शाळेत संगीत शिकवते. आमच्या गल्लीत बायकांचं भजनी मंडळ आहे, त्याची पेटी मी वाजवते. मध्यंतरी एका मैत्रिणीकडे ‘वुमन ॲट वॉर’ हा आइसलँडचा चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून आपल्याला लिहायचं मनात होतं.

चित्रपट २०१८ चा, दिग्दर्शक बेनेडिक्ट एरलिंग्सन. नायिकेचं नाव हल्ला. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ भलताच, पण त्यांच्याकडे हे बाईमाणसाचं साधं नाव आहे. पन्नाशीच्या आसपासची ही बाई गावात समूहगान शिकवते. आणि निसर्ग वाचवायचा म्हणून, कुणाला कळू न देता माळरानावर जाऊन, धनुष्यबाणानं तार टाकून, ॲल्युमिनियमच्या कारखान्याला जाणारी वीज तोडते. एकटीच. तिच्यामागे पोलीस, हेलिकॉप्टर, ड्रोन. ती मेलेल्या मेंढ्याचं कातडं पांघरून लपते. अशात एक दिवस निरोप येतो की तिनं कैक वर्षांपूर्वी केलेला मूल दत्तक घेण्याचा अर्ज मंजूर झालाय, आणि युक्रेनमधली चार वर्षांची एक अनाथ मुलगी तिची वाट बघतेय. आता मुलीला आणायचं की कारखान्याशी लढायचं? सगळी गोष्ट या एका पेचाभोवती फिरते. विषय एवढा जड, पण पाहताना आपण पुन्हा पुन्हा हसतो.

त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सिनेमाचं संगीत वाजवणारे तिघे जण पडद्यावरच असतात. ही माळावरून जीव घेऊन पळतेय आणि गवतात एक जण ढोल घेऊन उभा, एक जण अंगाभोवती गुंडाळलेला पितळी भोंगा फुंकतोय, एक जण पेटीवर बसलाय. तिच्या घरातही ते असतात. ती घाबरली की त्यांचा ताल चढतो. आपल्या लोककलेत झीलकरी मागे उभे राहून मुख्य माणसाचा आवाज पडू देत नाहीत, अगदी तसं. त्या तिघांना पाहिलं आणि मला २०१६ सालची एक रात्र आठवली.

तेव्हाचं लातूर आपल्याला माहीत आहे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये कलम १४४ लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं. वर्तमानपत्रांत आलं नाही ते सांगते. रात्री दोनच्या सुमाराला आम्ही गल्लीत टँकरची वाट बघत बसलो होतो. घागरी आणि टिपाडं रांगेत मांडलेली, प्रत्येकीवर खडूनं नंबर. दोघींची नंबरावरून जुंपली, झिंज्या धरायची वेळ आली. तेवढ्यात आमच्या शेजारच्या आजीनं रिकाम्या टिपाडावर थाप मारली आणि जोगव्याच्या चालीत टँकरला हाका मारायला सुरुवात केली. देवीला बोलवावं तसं टँकरला बोलवत होती. कुठं अडकलास, कोणत्या घाटात बसलास, तुला खणानारळानं ओवाळते, ये. आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्या हसायला लागल्या. ज्या दोघी भांडत होत्या त्यातली एक झील धरायला लागली. टँकर पहाटे साडेचारला आला. तोवर गाणं चालू होतं.

मंत्रिमहोदय, त्या वर्षी लातूरमध्ये कॅमेरे पुष्कळ फिरत होते, पण आमच्या त्या रात्रीचं चित्र कुणाकडेच नाही.

आमच्या दुष्काळावर जे पडद्यावर येतं ते बहुतेक रडतं. भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, आभाळाकडे बघणारा म्हातारा. खोटं नाही त्यात काही. पण आमच्या पोरांनी ते इतक्यांदा पाहिलंय की त्यांची नजर त्यावर थांबत नाही. पर्यावरणावर निबंध सांगितला की चाळीस वह्यांत तेच चार परिच्छेद येतात. याच पोरांना मी ऑफ तासाला हल्लाची गोष्ट सांगितली. दोन दिवस त्यांनी मला सोडलं नाही. आमच्या वर्गात धनगराचा एक मुलगा आहे, एरवी तोंड उघडत नाही. त्यानं विचारलं, ‘‘बाई, मेलेल्या मेंढराच्या कातड्यात ती बसली, तर पोलिसांच्या कुत्र्याला वास गोंधळवणार का?’’ त्यावर तो स्वतःच दहा मिनिटं बोलला.

मग मी मंडळातल्या बायकांना बोलावलं आणि मैत्रिणीच्या घरी पुन्हा सिनेमा लावला. खाली इंग्रजीत अक्षरं येतात, ती त्यांना वाचता येत नाहीत, म्हणून मी टीव्हीच्या बाजूला उभी राहून मराठीत सांगत गेले. हल्लाच्या घरात भिंतीवर गांधींचा आणि मंडेलांचा फोटो आहे. तो दिसल्याबरोबर एक जण ओरडली, ‘‘अगं बाई, गांधीबाबा!’’ एक मेंढपाळ शेतकरी तिला लपवतो. दूरचा चुलतभाऊ असावा अशी नुसती शंका, तेवढ्या नात्यावर तो गाडी देतो, मेंढरांत दडवतो. ‘‘चुलत असू दे नाहीतर नसू दे, भाऊ आहे,’’ असा निवाडा मंडळानं दिला. आणि सिनेमा संपल्यावर सगळ्यांत वयस्कर बाईनं विचारलं, ‘‘गांधीबाबाचा फोटो लावून ही तारा कशाला तोडते?’’

अर्धा तास वाद झाला. माझं मत मी तिथे सांगितलं तेच इथे लिहिते. तारा तोडणं मला मान्य नाही. ज्यांच्या शेतातला डीपी जळाला आणि नवा बसेपर्यंत उभं पीक डोळ्यांदेखत वाळलं, त्यांना वीज जाणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण हल्ला कशासाठी पेटली होती, त्या प्रश्नाचं उत्तर तिला पकडून मिळत नाही, हेही मला तितकंच पटलं. सिनेमाही तिला देवी करत नाही. सरकार आणि बातम्या मिळून लोकांना पटवतात की या बाईमुळे तुमचं नुकसान होणार, आणि तिच्या आसपासची भली माणसंसुद्धा तसं बोलू लागतात. हे पाहून आमच्यातल्या एका बाईनं तिच्या गावचं सांगितलं. तिथे एक जण पाणी कुठे मुरतं आणि ऊस किती लावावा यावर ग्रामसभेत बोलतो, तर लोक त्याला येडा म्हणतात. ती म्हणाली, ‘‘आता गेले की त्याच्याशी बोलीन.’’ माझ्या माहितीत कुठल्याही जनजागृतीच्या फलकानं एवढं काम केलेलं नाही.

आणि हे आपल्याला परकं आहे का? संत एकनाथ पैठणचे. सोंग घेऊन, हसवून, लोकांच्या बोलीत शहाणपण सांगणारं भारूड त्यांनी घरोघर नेलं. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आम्ही पोरांना अजून सांगतो. त्याच पैठणला जायकवाडीचं धरण आहे आणि जलाशयाला नाव आहे नाथसागर. पाणी आणि भारूड एकाच गावात आहेत, आणखी काय हवं? बीडजवळ पालवणला फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलन झालं, त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं होतं. हा प्रसंग एखाद्या लेखकानं लिहिला असता तर त्याच्या कल्पकतेला दाद दिली असती. आमच्याकडे तो खरोखर घडला. ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या, धरणाच्या वरच्या आणि खालच्या अंगाच्या लोकांचं पाण्यावरून भांडण, पाण्याची रेल्वे बघायला गेलेलं अख्खं गाव. गोष्टींचा इथे दुष्काळ नाही.

म्हणून माझं मागणं. शासन मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देतं, पण चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावर. औशाच्या किंवा भूमच्या पोरानं आधी चित्रपट करायचा कशावर? मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांतल्या लेखकांना, भारूडकरांना पटकथेच्या टप्प्यावर मदत द्या, आणि निवडताना हसवणाऱ्या गोष्टीला कमी लेखू नका. पात्रांना इथल्या बोलीत बोलू द्या. दुसरं, असे बाहेरदेशीचे चित्रपट रीतसर हक्क घेऊन मराठी सबटायटल किंवा मराठी आवाजासह आमच्याकडे आणा. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो, त्याचा मला अभिमान आहे. पण माझ्या मंडळातल्या बायका तिथवर जाणार नाहीत. त्या लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला जातात, नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाला जातात. पडदा तिथे लावा. तमाशाच्या फडाशेजारी लावला तरी चालेल, लोक येतील.

हे सगळं आत्ताच का, असं आपण विचाराल. २०१६ ला आम्ही पाण्यासाठी रात्री जागलो आणि २०२५ च्या सप्टेंबरात पाण्यानंच जागवलं. मांजरा, सीना, गोदावरी, सगळ्या पात्र सोडून शेतात शिरल्या, माती वाहून गेली, गोठ्यातली जनावरं गेली. चित्रपटाचा शेवट मी सांगत नाही, पण त्यात रस्त्यावर चढलेलं पाणी आहे, आणि एक बाई लेकरू उचलून त्यातून चालते. आमच्या मंडळात एकीच्या माहेरचं सोयाबीन त्या पुरात गेलं. ते दृश्य आलं तेव्हा मी सांगायचं थांबले. सगळ्यांना कळत होतं.

पहिला खेळ नाथषष्ठीला पैठणला ठेवावा, अशी विनंती आहे. तोवर मराठी सबटायटल तयार झाली नाहीत, तर पडद्याच्या बाजूला माईक घेऊन मी उभी राहीन. टिपाडावर थाप मारणारी आजी आता नाही, पण तिची चाल मंडळातल्या सगळ्यांना पाठ आहे. आम्ही अकरा जणी येऊ.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक संगीत शिक्षिका, लातूर