जीएसटी नोंदणी फुकट, पण वीजबिल आजोबांच्या नावावर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विक्रीकर जाऊन जीएसटी आला त्याला १ जुलै २०१७ पासूनची वर्षे लोटली, तरी बाजारपेठेत अजून 'सेल्स टॅक्सचा नंबर काढायचाय, किती लागतील?' असेच विचारतात. सरकारी फी शून्य रुपये आहे. पैसे जातात ते अर्ज भरून देणाऱ्याला. त्याच्या मेहनतानाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अर्जात त्याने स्वतःचाच मोबाईल आणि ई-मेल घालण्याबद्दल. पुढची प्रत्येक नोटीस मग त्याच्याकडे जाते आणि दुकानदाराला कळते ते जीएसटी नंबर बंद पडल्यावर.

आधी नंबर लागतो कोणाला ते पाहू. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख. मात्र आइस्क्रीम, पानमसाला किंवा तंबाखूचा माल विकणाऱ्यालाही २० लाखच धरायचे, हे पानटपरीवाल्यांना सहसा कोणी सांगत नाही. उलाढाल दुकानागणिक मोजत नाहीत, एका पॅनवरची सगळी एकत्र मोजतात, करमाफ मालासकट. आणि परराज्यात माल विकायचा असेल, तर हस्तकलेच्या वस्तूंसारखे मोजके अपवाद सोडून पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी.

अर्ज दोन भागांत आहे. भाग 'अ'मध्ये पॅन, मोबाईल, ई-मेल आणि दोन्हींवर आलेले ओटीपी. त्यावर तात्पुरता क्रमांक मिळतो, टीआरएन. तो १५ दिवस चालतो. तेवढ्यात भाग 'ब' भरून पाठवला नाही तर पहिल्यापासून सुरुवात. नाव पॅनवरून आपोआप उचलले जाते. लग्नानंतर आधार सासरच्या नावाने आणि पॅन माहेरच्या, अशी स्थिती असेल तर ती आधी दुरुस्त करा. दुकानाच्या पाटीवरचे नाव 'ट्रेड नेम'मध्ये घालायचे. फोटो जेपीईजी, १०० केबीच्या आत.

खरी गाडी अडते ती जागेच्या कागदावर. अर्ज नाकारले जातात ते बहुतेक इथेच. गाळा स्वतःचा असेल तर घरपट्टीची चालू पावती किंवा वीजबिल, यातले एक पुरते. भाड्याचा असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या मालकीचा एक कागद. करार नोंदणीकृत नसेल तर मालकाचे ओळखपत्रही. जागा वडिलांची असेल तर साध्या कागदावर त्यांचे संमतीपत्र, त्यांचे ओळखपत्र आणि मालकीचा एक कागद.

आता आपल्याकडचे नेहमीचे दुखणे. महावितरणचे बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, आणि संमतीपत्र नातवाने आणलेले वडिलांचे. अधिकाऱ्याला दोन कागदांवर दोन नावे दिसतात आणि तो विचारणा काढतो, त्यात त्याची चूक नाही. अशा वेळी बिल जोडूच नका. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या घरपट्टीच्या पावतीवर वडिलांचे नाव लागले असेल तर ती जोडा. तिथेही आजोबाच असतील तर आधी वारसनोंद करून घ्या. पत्ता अर्जात कागदावर आहे तसाच लिहा. करारात 'गाळा नं. ४', अर्जात 'शॉप नं. ४' आणि पावतीवर नुसता मिळकत क्रमांक, एवढ्यावरूनही अर्ज परत येतो. मोबाईलने तिरपा काढलेला फोटो पीडीएफ करून टाकला तर 'सुवाच्य प्रत जोडा' हे ठरलेलेच.

आधार प्रमाणीकरण टाळू नका. ई-मेलवर लिंक येते: काहींना ओटीपीची, काहींना सुविधा केंद्रात बोटांचे ठसे देण्यासाठी वेळ घेण्याची. ते केल्यास निर्णय सात कामाच्या दिवसांत लागायचा असतो. न केल्यास जागेची पाहणी होते आणि मुदत ३० दिवसांची होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून नियम १४अ खाली आणखी सोपी वाट आहे: नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवरचा कर महिना अडीच लाखांपेक्षा जास्त होणार नसेल, तर आधार प्रमाणीकरणानंतर तीन कामाच्या दिवसांत नंबर. छोट्या दुकानदाराने अर्ज भरताना हा पर्याय तरी नक्की पाहावा.

विचारणा आरईजी-०३ नमुन्यात येते आणि तिला सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर गेले नाही तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. मोबाईल आणि ई-मेल स्वतःचेच द्या, हा आग्रह त्यासाठीच.

नंबर मिळाला, २७ पासून सुरू होणारा पंधरा अक्षरी, की लोक निश्चिंत होतात. पण ३० दिवसांत, किंवा त्याआधी पहिले जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) भरायचे असेल तर त्यापूर्वी, बँक खाते नोंदवावे लागते. खात्याला तोच पॅन जोडलेला हवा. राहिले तर नोंदणी निलंबित. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचेच, उशीर झाला तर दिवसाला २० रुपये. मासिक रिटर्न सलग सहा महिने भरले नाहीत तर नोंदणी रद्द होऊ शकते. केवळ कर्जासाठी नंबर काढून विसरून जाणाऱ्यांची गत हीच होते.

एक मागणी. कोणते कागद मागायचे आणि कोणते नाहीत, याची यादी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ च्या सूचनेत दिली आहे. घरमालकाचा पॅन किंवा फोटो मागू नये, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. मात्र ही सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी आहे आणि अर्ज केंद्राकडे जाईल की राज्याकडे, हे दुकानदाराच्या हातात नसते. तेव्हा राज्य जीएसटी विभागाने हीच यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत, आपल्या प्रत्येक कार्यालयाच्या दारावर लावावी. एका पानात मावते.

– एक करसल्लागार, कराड