जुने अमेरिकन ट्यूनर आपल्याकडे दबके का वाजतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रेडिओंनी दिवाणखाना कसा सजवावा, यावरचा लेख वाचला. सोबतच्या छायाचित्रात फुलदाणीखाली ठेवलेला काळ्या चेहऱ्याचा संच म्हणजे सान्सुई या जपानी कंपनीचा टीयू-७१७ हा एफएम ट्यूनर, म्हणजे फक्त केंद्र पकडणारा, वेगळ्या अँप्लिफायरला जोडायचा संच. त्यावर पाणी सांडेल या कल्पनेनेच मला अस्वस्थ वाटले. तो संच आजही उत्तम वाजू शकतो, आणि त्यासाठी फार खर्चही येत नाही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेतून परतलेल्या नातेवाइकांबरोबर तिकडच्या बाजारासाठी बनलेले असे पुष्कळ ट्यूनर पुण्या-मुंबईत आले. आता ते जुन्या बाजारात येतात. विकणारे सांगतात, "चालतो, पण आवाज दबका आहे." घेणाराही संच म्हातारा झाला असेच धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण वयाचे नसते. एफएम केंद्र प्रक्षेपण करताना वरचे स्वर मुद्दाम उंचावते आणि ट्यूनर ते तेवढेच खाली आणतो, त्यामुळे वाटेत मिसळलेली खरखर कमी होते. यासाठी अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद हे मान आहे, आपल्याकडे ५०. तिकडचा संच इकडे लावला की तो वरचे स्वर गरजेपेक्षा जास्त कापतो. ५ किलोहर्ट्झला सुमारे २.८ डेसिबल आणि १० किलोहर्ट्झला ३.३ डेसिबल कमी. तानपुऱ्याची जवारी याच भागात असते. षड्ज ऐकू येतो, पण तारेभोवतीचा तो झंकार नाहीसा होतो. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला मग उरते काय?

यावर उपाय दोन कॅपॅसिटरचा आहे, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. रेझिस्टर तोच ठेवून कॅपॅसिटरची धारकता (मायक्रोफॅरडचा आकडा) दोन-तृतीयांश करायची. म्हणजे ०.०१५ मायक्रोफॅरड असेल तिथे ०.०१. फिल्म प्रकारचे, मीटरवर मोजून एकसारखे निवडलेले कॅपॅसिटर घ्यावेत. पुण्यात तपकीर गल्लीच्या बाजारात ते चहाच्या पैशांत मिळतात. निर्यातीसाठी बनलेल्या काही जपानी संचांच्या पाठीमागे, व्होल्टेजच्या खटक्याजवळच, ५० आणि ७५ असा खटकाही असतो. तो आधी बघावा, कदाचित सोल्डरिंग गन तापवायचीही गरज पडणार नाही.

माझ्याकडे असा खटका असलेला टीयू-७१७ आहे आणि अमेरिकेतून आलेला केनवूडचा केटी-७५०० आहे. दोन्ही एकाच अँटेनावर, एकाच अँप्लिफायरला जोडून मी शेजारी शेजारी ऐकले. आवाजाची पातळी मीटरने सारखी केली होती, कारण किंचित मोठा वाजणारा संच कानाला नेहमीच सरस वाटतो. मूळ स्थितीत सान्सुई मोकळा आणि केनवूड गुदमरलेला वाटला. केनवूडचे ते दोन कॅपॅसिटर बदलल्यावर चित्र पालटले. निवेदिकेच्या बोलण्यातले 'स' आणि 'श' आता मला केनवूडवर अधिक स्वच्छ वाटतात, तर सारंगीचा भरीवपणा सान्सुईवर. बदल करण्याआधीच मत बनवले असते, तर केनवूडवर अन्याय झाला असता.

दुसरा मुद्दा फिल्टरचा, म्हणजे निवडलेले केंद्र आत घेऊन शेजारची केंद्रे अडवणाऱ्या भागाचा. अमेरिकेतले हौशी लोक या ट्यूनरमधले १०.७ मेगाहर्ट्झचे तीन पायांचे सिरॅमिक फिल्टर काढून १५० किलोहर्ट्झ रुंदीचे अरुंद फिल्टर बसवतात. तिथे वारंवारता २०० किलोहर्ट्झच्या अंतराने वाटलेल्या आहेत आणि त्यांना दूरचे केंद्र जवळच्या जबर केंद्राच्या कुशीतून ओढून काढायचे असते. आपल्याकडे ती गर्दी नाही. मुंबईतली केंद्रे पाहा : ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. मधे ८०० किलोहर्ट्झ मोकळे आहेत. पूर्ण स्टिरिओ प्रक्षेपणाला सुमारे २५६ किलोहर्ट्झ रुंदी लागते; अरुंद फिल्टरने कडा कापल्या जातात आणि आवाज फाटतो. म्हणून इथे २८० किलोहर्ट्झचे फिल्टर योग्य. ते बदलताना सगळ्यांवरच्या ठिपक्याचा रंग एकच हवा, कारण तो रंग मध्यवारंवारता सांगतो. फिल्टरची रुंदी निवडण्याचा खटका असलेल्या संचात 'वाइड' निवडावे, बस.

आणि ऑपअँप, म्हणजे आवाजाचा संकेत वाढवणारी आयसी. तरुण मंडळी ट्यूनर उघडला की पहिल्यांदा जुना ४५५८ काढून ५५३२ घालतात. माझ्या मते हे काम सर्वांत शेवटी यावे. ट्यूनिंगच्या कंडेन्सरच्या दांड्याला अर्थिंग देणाऱ्या पत्र्याच्या स्प्रिंगा काळवंडलेल्या असतात, त्या साफ केल्याशिवाय केंद्र जागेवर टिकत नाही. पॉवर सप्लायमधले वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बदलायचे असतात. लहरींतून आवाज वेगळा करणाऱ्या डिटेक्टरची कॉइल बरोबर शून्यावर आणायची आणि स्टिरिओ डीकोडरचा ७६ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर लावायचा, म्हणजे स्टिरिओची खूण असलेला १९ किलोहर्ट्झचा पायलट स्वर नीट पकडला जातो. एवढे झाल्यावर नव्या आयसीने काही फरक पडला तर तो खरा. शिवाय वेगवान आयसीच्या पायाशी वीजपुरवठा स्थिर ठेवणारा डीकपलिंग कॅपॅसिटर नसेल तर ती ऑसिलेट होते, म्हणजे आपोआप कंप पावू लागते, आणि आवाज उलट कर्कश होतो.

सजावटीसाठी नव्हे तर ऐकण्यासाठी संच घेणाऱ्यांनी खरेदीआधी हेही बघावे. जपानच्या देशांतर्गत बाजारातले जुने ट्यूनर १०० व्होल्टचे आणि ७६ ते ९० मेगाहर्ट्झचे असतात. पुण्याची १०१ वरची विविध भारती त्यांवर लागणारच नाही. अमेरिकेतले अनेक डिजिटल ट्यूनर विषम दशांशांवरच थांबतात, १००.९ नाहीतर १०१.१. त्यामुळे आपल्याकडे काटा फिरवायचे संच बरे. अमेरिकन संचाला १२० व्होल्ट लागतात, तेव्हा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. अँटेना म्हणून लोंबती वायर नको. एकूण दीड मीटरपेक्षा थोडी कमी अशी दोन बाजूंची डायपोल खिडकीशी आडवी ताणून, ती फिरवून पाहावी. इमारतींवरून परतणाऱ्या लहरींनी फाटणारा आवाज त्यानेच सुधारतो.

खरी अडचण संचाच्या आतल्या कॉइल आणि ऑसिलेटर अचूक जुळवण्याची आहे. त्यासाठी एफएम सिग्नल जनरेटर आणि फ्रिक्वेन्सी काउंटर लागतो, आणि रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे तो नसतो. पण जुन्या तंत्रनिकेतनांच्या कम्युनिकेशन प्रयोगशाळांत ही उपकरणे आहेत. अभ्यासक्रम बदलल्यापासून बरीचशी आच्छादनाखाली पडून असतात. महिन्यातून एका शनिवारी प्रयोगशाळा उघडावी, लोकांनी आपले ट्यूनर आणावेत, विद्यार्थ्यांनी ते मोजावेत आणि लावावेत. सुपरहेटरोडाइन, पीएलएल, पायलट असे पुस्तकात वाचलेले सगळे त्यांच्या हाताखालून जाईल. शिकवण्यासाठी मी विनामूल्य येईन, माझे टूलकिट आणि फिल्टरचा साठाही घेऊन येईन. इच्छुक विभागप्रमुखांनी संपादकीय कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा आणि आपण तो निरोप माझ्यापर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
कोथरूड, पुणे