‘इरोड’बद्दल आभार

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

‘इरोड’ (erode) या इंग्रजी क्रियापदावरचं तुमचं टिपण आम्ही मराठी माध्यमाच्या वर्गात वापरतो. त्याबद्दल हे जाहीर आभार.

शब्दकोशातला ‘झिजणे’ एवढाच अर्थ हाती आला की मुलं चपलाही इरोड करतात आणि कचेरीचे उंबरेही. तुम्ही आधी विचारायला लावलंत: काय झिजतंय आणि कशानं? पाण्यानं, वाऱ्यानं माती किंवा खडक झिजून कण वाहून गेले तर इरोड. लोखंड गंजलं तर करोड (कोटीवालं नव्हे). सँडपेपरनं घासलं तर अब्रेड. चप्पल मात्र वेअर आउट होते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे घ्या: भोवऱ्यात गरगरणारा गोटा कातळ अब्रेड करतो, पण एकूण काम नदीचं, म्हणून नदी इरोड करते.

दातांकडे आलं की ही वाटणी बदलते, हे तुम्ही समासात लिहिलंत ते फार बरं केलंत. आंबट पेयांतल्या आम्लानं एनॅमल गेलं तर दंतवैद्य इरोजन म्हणतात, दाबून ब्रश केल्यानं झिजलं तर अब्रेजन, दातावर दात घासून झिजलं तर अ‍ॅट्रिशन.

व्याकरणात खरी अडचण एकच. आपल्याकडे किनारा झिजतो आणि समुद्र तो झिजवतो. इंग्रजीत दोन्हीकडे इरोडच. ‘द सी इज इरोडिंग द कोस्ट’ चालतं, ‘द कोस्ट इज इरोडिंग’ही चालतं. मुलं दुसऱ्या वाक्यात उगाच ‘इटसेल्फ’ घुसवतात, तो काढायचा. उच्चारात जोर ‘रोड’वर. नाम करताना स्पेलिंगमधल्या ‘डी’चा ‘एस’ होतो: इरोजन (erosion).

महागाई बचतीचं मोल इरोड करते, वारंवार मोडलेला शब्द विश्वास. दोन्हींत हळूहळू कमी होणं आहे. पुरात पूल एका रात्रीत गेला तर तो ‘वॉश्ड अवे’. आणि तामिळनाडूतलं हळदीच्या बाजाराचं ईरोड? स्पेलिंग तेच, नातं काही नाही. सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांच्या मुलांना मात्र आधी तेच आठवणार!

एक विनंती. पुढचं टिपण ‘वेदर’ या क्रियापदावर द्या. खडक जागच्या जागी ठिसूळ होऊन फुटला तर वेदर, तो चुरा पुढे वाहून गेला की इरोड, इथे मुलं अजून अडखळतात.

आपले नम्र,
इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक